रविवारची रक्ती

"आक्का, काल रक्त काढलंसा, आज नाडी बघून झाली. आता टाचा कशाला बघताय?" जोतिराम तपासणीच्या टेबलावर पालथा पडून विचारत होता.

"गप पड," मी म्हटलं.

टाचा बघण्यासारख्याच होत्या. उभ्या-आडव्या भेगा, त्यांत बसलेली माती, एका भेगेतून पाणी सुटलेलं. तालमीत अनवाणी वावरणाऱ्यांच्या टाचा अशाच असायच्या. आमचं घर तालमीच्या भिंतीला भिंत लावून होतं, त्यामुळे अशा टाचा बघतच मी मोठी झाले. मी कापसाच्या बोळ्यांनी भेगा पुसल्या, बोळे ट्रेमध्ये टाकले आणि कपाटातून मलमाची ट्यूब काढून त्याच्या हातात दिली.

"झोपताना चोळत जा. युरियाचं मलम आहे."

कोपऱ्यातल्या खुर्चीत माझे वडील बसले होते. अख्ख्या तालुक्याला ते बंडा वस्ताद, मला आबा. कोल्हापुरी फेटा गुडघ्यावर काढून ठेवलेला. त्यांनी मान वर केली.

"युरिया? आपुन उसाला टाकतोय त्यो?"

"तोच. कातडीत ओल धरून ठेवतो, निबर झालेली टाच मऊ करतो."

"मग ट्यूब कशाला? पोतं पडलंय की घरात. जोतिराम, घे लेका, पोत्यातच पाय घालून झोप."

दोघं खदखदून हसले. मीही हसले. मग सकाळच्या दुधाच्या गाडीतून कोल्हापूरहून आलेलं पाकीट फोडलं, आणि माझं हसू तिथंच थांबलं.

त्या दिवशी आमच्या गावची यात्रा होती आणि संध्याकाळी कुस्त्यांचं मैदान. एक नंबरची जोड जोतिरामची होती, सांगलीकडच्या लखन बिरनाळेशी. आबांनी वर्षभर पायाला भिंगरी लावून ही जोड जमवली होती. आबांच्या तालमीचा पठ्ठ्या यापूर्वी कधीच एक नंबरला खेळला नव्हता. जोतिराम लहान होता तेव्हा त्याच्या मामानं त्याला तालमीत आणून सोडलं, तेव्हापासून तो आबांच्याच ताटातला. आदल्या साली मैदानात एका पैलवानाची मान मोडली होती, म्हणून यात्रा कमिटीनं नवा नियम काढला: मोठ्या जोडीला डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे. गावात डॉक्टर मी एकटीच. गुडघा धरतो म्हणून जोतिराम मध्यंतरी लंगडत होता, पैलवानी खुराकही दांडगा, तेव्हा मूत्रपिंडं कशी आहेत ते तरी बघू म्हणून मी रक्त पाठवलं होतं.

मूत्रपिंडं ठणठणीत होती. ती सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा अगदी सरळ होता. पण त्याच्या वरच्याच ओळीत युरिया, असायला हवा त्याच्या दुपटीहून जास्त.

"काय गं, त्वांड का पाडलंस?" आबांनी विचारलं.

"रक्तात युरिया वाढलाय."

"आँ? आत्ता तर मलम दिलंस!"

"आबा, चेष्टा नाही. आपण मटण, अंडी, दूध खातो, त्यातली प्रथिनं मोडली की विषारी काहीबाही उरतं. यकृत त्याचा युरिया बनवतं आणि मूत्रपिंडं तो लघवीतून बाहेर टाकतात. मूत्रपिंडं बिघडली की तो रक्तात साठतो. पण याची तर चांगली आहेत."

"मग झालं की! पैलवान काय वरणभातावर जगतोय व्हय? मटण, बदाम, थंडाई. खाईल तसा युरिया हुईल. तूच सांगितलंस न्हवं आत्ता?"

बोलणं चुकीचं नव्हतं. खुराकानं युरिया वाढतो. पाणी कमी पडलं तरी वाढतो. पण इतका? मी पुन्हा जोतिरामची नाडी धरली. एरवी त्याची नाडी इतकी संथ असायची की दोन ठोक्यांच्या मध्ये चहा पिऊन यावा. आज ती पळत होती. त्याला उभं केलं, तर आणखी पळाली.

"मैदानाची धास्ती हाय, आक्का," तो म्हणाला.

डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. फिकट वाटली.

"रातीचं झोप न्हाई," तो म्हणाला.

प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. मला तेच खुपलं. माझा स्वभाव मुळात संशयी. आई म्हणायची, ही पोरगी देवाच्या प्रसादाचाही वास घेऊन बघेल.

"जोतिराम, खरं सांग. परसाकडला कसं होतंय? रंग कसा असतो?"

तो लाजला. लहानपणापासून मला आक्का म्हणणारा गडी, त्यात शेजारी वस्ताद बसलेले. भिंतीकडे बघत म्हणाला, "काळं हुतंय. डांबरावानी."

मी आबांकडे वळले.

"जठरात जखम झाली आणि त्यातून रक्त झिरपलं, तर ते रक्त आतड्यात उतरतं. आतडं ते मटणासारखंच पचवतं. त्याचा युरिया होतो आणि बाहेर पडताना ते डांबरासारखं काळं पडतं. मला तीच शंका येतेय. तसं असलं तर आज याला आखाड्यात उतरवणं म्हणजे मरणाच्या दारात उभं करणं."

आबा काही बोलायच्या आत जोतिराम हसला. "आवं आक्का, कायतरीच! रविवारी रक्ती खाल्लीया म्या. चांगली वाडगंभर. रक्ती खाल्ली की तसंच हुतंय, सगळ्या तालमीला ठावं हाय."

आबांनी मांडीवर थाप मारली. "बघ! उगंच जीव खाल्लास माझा."

रक्ती म्हणजे बकऱ्याचं रक्त गोठवून, कांदा-तिखटावर परतलेलं. आमच्याकडच्या तालमींत रविवारी रक्ती ठरलेलीच. अंगात रक्त भरतं म्हणून पोरं हाणतात. आणि पंचाईत अशी की जोतिराम बोलला ते शास्त्राला धरून होतं. बकऱ्याचं असो की माणसाचं, आतड्याला त्यातला भेद कळत नाही. खाल्लेल्या रक्तानंही युरिया चढतो आणि खाल्लेल्या रक्तानंही काळं होतं. एका वाडग्यात माझ्या सगळ्या शंकांचं उत्तर होतं.

"गोळ्या कसल्या घेतोस? गुडघ्यासाठी वगैरे?"

जोतिरामची नजर एकदा आबांकडे गेली आणि परत आली. "न्हाई."

"नाकातून एक नळी घालून बघते. पोटात रक्त असलं तर कळेल."

"नळी?" आबा उठून उभे राहिले. "मैदानाच्या दिशी पैलवानाच्या नाकात नळी? घसा सोलून निघाला तर? शालन, तुला सही करायची हाय का न्हाई, येवढं बोल."

"आत्ता नाही. मला विचार करू दे."

"कर. निवांत कर." त्यांनी फेटा डोक्यावर चढवला. "तुझी चिठ्ठी आली न्हाई तर कमिटी माझ्या शब्दावर जोड लावंल. तेवढा मान हाय मला. फकस्त वस्तादाची जोड वस्तादाच्या लेकीनंच अडवली, हे गावभर हुईल. ते तुझं तू बघ."

दोघं निघून गेले. जाताना जोतिराम दारात थबकला, मागं वळून म्हणाला, "आक्का, येवढीच कुस्ती. मग तुमी म्हनशिला ती नळी घाला." मलमाची ट्यूब मात्र त्यानं नीट खिशात ठेवली होती.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं माझं झालं. सही करावी तर नाडी डोळ्यांसमोर पळत होती. न करावी तर कशाच्या आधारावर? माझ्या हातात एक आकडा होता आणि त्या आकड्याला रक्तीचं रास्त कारण होतं. उद्या निघालं काहीच नाही, तर आबांच्या आयुष्यातला एकच मोठा दिवस मी माझ्या संशयापायी मातीत घातला असं झालं असतं. त्यांनी ते कधीच विसरलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. ज्या माणसानं भावकीशी भांडून, "पोरगी डॉक्टर हुनार" म्हणून मला मिरजेला शिकायला ठेवलं, त्याच्याच आड मी उभी राहणार होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

यात्रेमुळे पेशंट नव्हते. लांबून हलगी ऐकू यायला लागली होती. हाताला चाळा म्हणून मी टेबल आवरायला घेतलं. ट्रे उचलला, आणि ट्रेमधल्या बोळ्यांकडे नजर गेली. सकाळी त्याच्या टाचा पुसलेले बोळे.

वरचा बोळा तांबडा होता, तालमीच्या मातीचा. पण खालचा, भेगेच्या आतून फिरवलेला, स्पिरिटनं ओला झालेला बोळा गुलाबी झाला होता. मी तो उजेडात धरला. माती अशी गुलाबी नसते. तो गुलाल होता.

आमच्या मुलखात माणसाचे पाय गुलालानं माखतात ती एकच जागा, ज्योतिबाचा डोंगर. आणि तो महिना खेट्यांचा होता. माघापासून पाच रविवार लोक अनवाणी डोंगर चढून ज्योतिबाला जातात, त्याला खेटे घालणं म्हणतात. जोतिरामचं तर नावच देवावरून ठेवलेलं; तो दर साली पाचही खेटे घालायचा. म्हणजे परवाच्या रविवारी हा तालमीत नव्हताच, डोंगरावर होता. त्यानंच टाचा फाटल्या होत्या. आणि खेट्याच्या रविवारी अनवाणी चालणारा, उपास धरणारा माणूस रक्ती खाईल? आमच्याकडं खेट्याच्या दिवशी लोक अंड्याला शिवत नाहीत.

रक्ती खाल्लीच नव्हती. मग पोटात रक्त होतं ते कुणाचं?

मी दवाखान्याला कुलूपही न लावता धावत सुटले.

त्या काळी आमच्या गावात बाया मैदानात उतरत नसत. बघायचं असलं तर आसपासच्या माळवदांवरून बघायचं. मी गर्दीत घुसले तेव्हा माणसं आधी चिडली, मग ओळखून बाजूला सरली. "वस्तादाची लेक... वस्तादाची लेक..." अशी कुजबुज माझ्या पुढं पुढं चालली होती. हलगीचा कडकडाट छातीत वाजत होता. निवेदक कर्ण्यावरून ओरडत होता, "एक नंबरची जोड! पैलवान मंडळींनी तयार राहावं!"

आखाड्याच्या कडेला जोतिराम लंगोट कसून उभा होता. अंगाला माती चोळलेली. एवढ्या गर्दीत एकट्या त्याच्याच कपाळावर गार घाम आला होता, ओठ पांढुरके पडले होते. पलीकडे लखन बिरनाळे मांड्यांवर शड्डू ठोकत होता. मी आबांचा दंड धरला.

"आबा, यानं रक्ती खाल्लेली नाही."

"शालन, हितं कशाला आलीस? घरी जा."

"परवाचा रविवार खेट्याचा होता. तुम्ही जोड पक्की करायला सांगलीला गेला होता, म्हणून तुमच्या ध्यानात आलं नाही. हा डोंगरावर होता. टाचांत अजून गुलाल आहे. आबा, पोटातलं रक्त याचं स्वतःचं आहे."

आबांनी माझा हात झटकला नाही. ते नुसते जोतिरामकडे बघत राहिले. निवेदकानं दुसऱ्यांदा पुकारा केला. लोक शिट्ट्या मारायला लागले.

"जोतिराम," आबा म्हणाले, "हिकडं बघ. ज्योतिबाची आन घिऊन सांग. रविवारी रक्ती खाल्लीस का?"

"वस्ताद, पुकारलंय. जाऊ द्या मला."

"आन घे म्हनतोय मी."

जोतिरामनं तोंड उघडलं. मला आजही ते तोंड दिसतं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. तो माझ्याशी खोटं बोलला होता, वस्तादासमोर बोलला होता; देवाच्या नावानं बोलता येईना. शेवटी त्यानं मान खाली घातली.

आबांनी एवढ्या लोकांत डोक्यावरचा फेटा उतरवला. मी जन्मात त्यांना मैदानात बोडक्या डोक्यानं पाहिलं नव्हतं. तो फेटा दोन्ही हातांवर धरून ते मातीत उतरले, आखाडा ओलांडून गेले आणि समोरच्या वस्तादांच्या हातात त्यांनी तो ठेवला. आमच्या भागात जोड सोडायची ती अशी. मग हलगी बंद झाली.

"पळाला! बंडा वस्ताद पळाला!" कुणीतरी ओरडलं. मग सगळंच मैदान ओरडायला लागलं. मातीची ढेकळं येऊन पडली. एक आबांच्या पाठीवर फुटलं. ते परत आले ते त्याच चालीनं, ना भरभर ना हळू. आल्यावर जोतिरामच्या अंगावर स्वतःचं उपरणं टाकलं आणि म्हणाले, "जीप बोलवा."

जीप गावाबाहेर पडते न पडते तोच जोतिरामला उलटी झाली. आधी कॉफीच्या चोथ्यासारखी काळी, मग लाल, ताजी. आबांच्या धोतरावर, माझ्या साडीवर, सगळीकडे. त्याचं डोकं आबांच्या मांडीवर होतं. मी नाडी धरून बसले होते, आणि ती बोटांखालून निसटायला बघत होती.

"गोळ्या घेत होतास ना?" मी विचारलं. मला संताप आवरत नव्हता. "गुडघ्यासाठी? उपाशीपोटी? कुणी दिल्या?"

त्यानं डोळे मिटून घेतले. "कुनी न्हाई. माझ्या मनानं."

"खोटं बोलू नको आता! कुणी दिल्या?"

"म्या," आबा म्हणाले.

ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचा तळवा जोतिरामच्या कपाळावर होता आणि ते पुन्हा पुन्हा घाम पुसत होते. "म्या दिल्या. तालुक्याच्या दुकानातनं आनल्या. दुखनं दबंल म्हनला दुकानदार. तुला इचारलं असतं तर तू खेळू दिलं नसतंस, म्हनून न्हाई इचारलं."

"वस्तादास्नी काय बोलू नगा, आक्का," जोतिराम पुटपुटला. "काळं हुतंय हे त्यास्नीबी ठावं न्हवतं. तुमास्नी गोळ्यांचं कळलं असतं तर तुमी बापाशी जन्मात बोलला नसता. म्हनून रक्तीचं सांगितलं."

म्हणजे हा गडी आपला जीव जात असताना आमचं बापलेकीचं नातं राखत बसला होता. मला रडू फुटलं. ते राग आल्यामुळं की दुसऱ्या कशामुळं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली. जठरात मोठा व्रण होता आणि त्याच्या तळाशी एक रक्तवाहिनी उघडी पडली होती. "आखाड्यात याच्या पोटावर कुणाचा गुडघा बसला असता, तर इथपर्यंत आणायला तुम्हाला माणूस उरला नसता," ते मला म्हणाले. तालमीतली पोरं ट्रॅक्टर भरून रक्त द्यायला आली, अंगावरच्या मातीसकट. त्यांच्यामागं लखन बिरनाळेही आला. त्याचं रक्त जुळलं. आबाही बाही वर करून रांगेत उभे राहिले होते. वय बघून त्यांना परत पाठवलं, तेव्हा ते जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले आणि तिथून उठेचनात.

जोतिराम वाचला. मी मात्र आबांशी बोलणं टाकलं. जोतिरामनं भाकीत केलं होतं तसंच झालं, स्वभावाला औषध नाही. ते दवाखान्यात यायचे, बाकावर बसायचे, चहा घ्यायचे, जायचे. आईच्या तोंडून निरोप चालायचे. आबांनी कधी सफाई दिली नाही. फेटा त्यांनी परत आणला नाही आणि नवा बांधला नाही.

पुढच्या सालच्या यात्रेला पुन्हा तीच जोड लागली. कमिटीलाही फिट्टंफाट बघायची होती. यात्रा त्या साली खेटे सरल्यावर आली. जोतिराम चिठ्ठीसाठी दवाखान्यात आला, मागून आबा. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, बोडक्या डोक्यानं. मी कोल्हापूरहून आलेलं पाकीट फोडलं.

मूत्रपिंडं चांगली होती. रक्त भरपूर होतं. युरिया मात्र थोडा वाढलेला होता.

नाडी धरली, ती संथ होती. पापणी ओढली, आत लालभडक. टाचासुद्धा बघितल्या. त्या मऊ होत्या.

"रक्ती खाल्लीस?" मी विचारलं.

"खाल्ली, आक्का."

मी त्याच्याकडे बघत राहिले. एकदा तोंड पोळलेलं होतं. तो वरमला. मग कोपऱ्यातून आबांचा आवाज आला. वर्षात पहिल्यांदाच ते थेट माझ्याशी बोलत होते, आणि आवाज वस्तादाचा नव्हता.

"खाल्लीया त्यानं. रविवारी म्या स्वतः वाढली. वाडगं सरस्तवर समोर बसून हुतो. गोळी एक न्हाई. ज्योतिबाची आन, शालन."

मी पेन उघडलं.

"आण कशाला घेता, आबा," मी म्हटलं, आणि सही केली.